हलक्या बॉनेटला दुसरे लॉक हवेच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कर्कश सायलेन्सर, काळ्या काचा आणि नक्षीदार नंबरप्लेट यांवर होणाऱ्या कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. ती कारवाई योग्यच आहे. परंतु त्याच गाड्यांच्या तोंडावर बसवलेल्या एका भागाकडे ना पोलिसांचे लक्ष जाते, ना गाडीमालकाचे, ना तो भाग बसवणाऱ्या फिटरचे. तो भाग म्हणजे बाजारातून विकत घेऊन बसवलेले फायबरचे किंवा कार्बन फायबरचे हलके बॉनेट. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक म्हणून २६ वर्षे काम करून मी निवृत्त झालो, आणि निवृत्तीनंतरही माझा बराचसा वेळ कोल्हापूरच्या उद्यमनगरातील गॅरेजांमध्येच जातो. त्या अनुभवाच्या आधारे, आणि आमच्याच घरात घडलेल्या एका प्रसंगामुळे, हे पत्र लिहीत आहे.

मागील डिसेंबरात माझा पुतण्या भल्या पहाटे कोल्हापूरहून साताऱ्याकडे निघाला होता. त्याच्या गाडीला पंधराच दिवसांपूर्वी फायबरचे काळे बॉनेट बसवले होते. ते कोणत्या दुकानातून घेतले आणि कोणी बसवले, हे मी येथे लिहीत नाही, कारण असेच काम मी आणखी चार ठिकाणी पाहिले आहे. किणी टोलनाका ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, गाडीने ताशी नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा वेग घेतला, आणि एका उंच कंटेनरला मागे टाकून ती त्याच्या आडोशातून बाहेर येताच बॉनेटचा पुढचा काठ थरथरू लागला. इंजिनाचीच थरथर असेल असे त्याला वाटले. पुढच्याच क्षणी बॉनेट उलटे होऊन समोरच्या काचेवर आदळले. काच जागच्या जागी तडकून पांढरी झाली, छताची पुढची कड दबली आणि दोन्ही बिजागऱ्या मागे वाकल्या. सुदैवाने त्याने ब्रेकवर उभे राहण्याची चूक केली नाही. वेग हळूहळू उतरवत, उजव्या खिडकीतून डोके बाहेर काढून त्याने आधी दुभाजकाची कड धरली, आणि मागून कोणी येत नाही हे पाहून गाडी डावीकडे कच्च्या पट्टीवर आणली. पहाटेची वेळ नसती आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर असती, तर हे पत्र लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नसतो.

गाडी गॅरेजमध्ये आणल्यावर मी पहिल्यांदा लॉक पाहिले, आणि जे दिसले त्याने मी चकित झालो. लॉक उघडलेच नव्हते. बॉनेटच्या खालच्या बाजूस जी लोखंडी कडी असते, जिला फिटर मंडळी स्ट्रायकर म्हणतात, ती लॉकच्या जबड्यात घट्ट अडकलेली होती, आणि त्या कडीला तळहाताएवढा फायबरचा तुकडा अजून चिकटलेला होता. म्हणजे लॉकने आपले काम शेवटपर्यंत केले होते. ज्यात कडी रोवली होती ते फायबरच फाटून निघाले होते. तो तुकडा मी व्हर्नियरने मोजला. जाडी कुठे अडीच मिलिमीटर, तर कुठे जेमतेम दीड मिलिमीटर भरली. कडी दोन बोल्टांवर बसवलेली होती, बोल्टांच्या मागे रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान वॉशर होते, आणि ताण पसरवण्यासाठी धातूची पट्टी मुळीच नव्हती. बोल्टांची भोके घासून लांबट झाली होती आणि त्यांच्या कडेला काळी पूड साचली होती. याचा अर्थ कडी पहिल्या दिवसापासून हलत होती आणि दर खड्ड्यागणिक भोक थोडे थोडे वाढत होते.

आता प्रश्न सेफ्टी कॅचचा. मुख्य लॉक सुटले तरी बॉनेट दोन बोटांपेक्षा जास्त उचलले जाऊ नये म्हणून दुसरे लॉक म्हणून जो आकडा (हुक) असतो, तो या गाडीच्या मूळ बॉनेटला होता. नव्या बॉनेटमध्ये मात्र त्याच्यासाठी जागाच सोडलेली नव्हती. फिटरने तो आकडा कागदात गुंडाळून डिकीत, स्टेपनीच्या खाली ठेवून दिला होता. त्याच्या दृष्टीने तो उरलेला सुटा भाग होता. माझ्या दृष्टीने तो आकडा म्हणजे त्या गाडीतील माणसांच्या जिवाचा विमा होता, आणि तो कागदातून सोडवून हातात घेताना मला जे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

या आकड्याचे महत्त्व जगाने फार पूर्वी ओळखले आहे. उघडल्यावर चालकाची समोरची नजर झाकणाऱ्या बॉनेटला लॉकचा दुसरा टप्पा किंवा दुसरे स्वतंत्र लॉक असलेच पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९६९ पासून लागू आहे. कारखान्यातून आलेल्या गाड्यांनाही याबाबतीत हलगर्जी परवडत नाही. निसान कंपनीला अमेरिकेत आपल्या अल्टिमा गाड्या एकाहून अधिक वेळा परत बोलवाव्या लागल्या, त्या याच दुसऱ्या लॉकसाठी. ते गंजून उघड्या स्थितीतच अडकून राहण्याची शक्यता होती. एवढ्या मोठ्या कंपनीच्या, चाचण्यांतून गेलेल्या लॉकची ही कथा असेल, तर जेथे ते लॉक काढूनच टाकले जाते तेथे काय म्हणावे?

हलके बॉनेट वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एकतृतीयांश घनतेचे असते आणि अनेक कंपन्या स्वतःच ॲल्युमिनियमची बॉनेटे देतात. परंतु त्यांत आतली चौकट, लॉकच्या जागची जाड पट्टी आणि बिजागरीचा आधार हे सर्व त्या धातूला अनुसरून आखलेले असते. पत्र्याचे बॉनेट काढून केवळ त्याच्या आकाराचे दुसरे काहीतरी बसवले, तर आकार जुळतो, पण आधार जुळत नाही.

वाऱ्याचा हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येक चालकाने एकदा तरी करून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो. १२० च्या वेगाला तोच ६८ किलोवर जातो, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हा सगळा दाब बॉनेटला उचलत नाही. परंतु पुढच्या काठावरून हवा वळताना तेथे वरच्या बाजूस ओढ निर्माण होते, आणि त्याच वेळी जाळीतून आत शिरलेली हवा खालून रेटत असते. या दोहोंचा परिणाम वरील दाबाच्या निम्मा जरी धरला आणि बॉनेटचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या आसपास मानले, तर १०० च्या वेगाला तीस किलोच्या घरात आणि १२० ला चाळीस किलोच्या वर उचल येते. पत्र्याचे बॉनेट पंधरा-सोळा किलोचे असेल तर त्यातील बराच भाग त्याच्या वजनातच जिरतो. सहा-सात किलोच्या बॉनेटला ती सवलत नसते. जवळजवळ सगळा भार लॉकवर आणि बिजागऱ्यांवर येतो. त्यात लॉक असते मध्यभागी एकच. पत्रा ताठ असल्यामुळे त्याचे कोपरे निमूट राहतात, पण पातळ फायबरचे कोपरे फडफडतात, आणि ही फडफडच मधल्या कडीला सतत हिसके देत राहते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि आता ७०१ किलोमीटरचा तो रस्ता पूर्ण खुला झाला आहे. शहरात वर्षभर काहीही न झालेले बॉनेट अशा रस्त्यावर पहिल्या अर्ध्या तासात आपली खरी ताकद दाखवते. १२० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे काच झाकल्यावर माणूस भानावर येईपर्यंत शंभर मीटर आंधळेपणाने कापले गेलेले असतात.

आपल्याकडचे ऊन हा आणखी एक भाग. स्वस्त फायबरच्या वस्तूंमध्ये तंतूंना धरून ठेवण्यासाठी जे साधे पॉलिएस्टर रेझिन वापरतात ते साठ-सत्तर अंश तापमानाच्या आसपास मऊ पडू लागते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या काळ्या बॉनेटला तेवढे तापमान नुसत्या उन्हानेच गाठता येते, आणि खालून इंजिनाची धग वेगळी. अशा वेळी बोल्टाखालचे फायबर दबते, बोल्ट ढिला पडतो, थंड झाल्यावर पुन्हा आवळावा असे कोणाला सुचत नाही. कोकणात आणि गोव्यात वेगळी अडचण येते. कार्बन फायबरला ॲल्युमिनियमचा भाग थेट टेकला आणि त्यात खारट ओल गेली की ॲल्युमिनियम झपाट्याने कुजते. म्हणून दोहोंच्या मध्ये काचतंतूचा थर किंवा नायलॉनचा वॉशर हवा. वरून बॉनेट आरशासारखे चकाकत असते आणि आत पांढरी भुकटी पडत असते, हे मी मालवणहून आलेल्या एका गाडीत प्रत्यक्ष पाहिले आहे.

ज्या गाड्यांना बॉनेट उचलून धरणारे गॅसचे दांडे असतात त्यांच्याबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ते दांडे जड बॉनेटच्या वजनाला अनुसरून भरलेले असतात. तेच दांडे हलक्या बॉनेटला ठेवले तर बंद स्थितीतही ते त्याला सतत वर रेटत राहतात. फायबर दांड्याच्या टेकूपाशी फुगते आणि लॉकवर चोवीस तास ताण राहतो. दांडे बदलून कमी दाबाचे घ्यावेत, किंवा काढून टाकून साधी लोखंडी टेकणकाठी वापरावी.

आता बसवणीविषयी. स्ट्रायकरच्या मागे दोन ते तीन मिलिमीटर जाडीची, निदान हाताच्या पंजाएवढी धातूची पट्टी असलीच पाहिजे, आणि शक्यतो ती बॉनेट तयार होतानाच थरांच्या आत बसवलेली असावी. बोल्टांना स्वतःहून सैल न होणारे, आत नायलॉनचे कडे असलेले धातूचे नट लावावेत. दोन्ही कोपऱ्यांतले रबरी टेकू फिरवून त्यांची उंची अशी लावावी की बॉनेट बंद केल्यावर ते किंचित दबलेले राहतील. टेकू खाली राहिले तर बॉनेट खडखडते आणि फार वर आले तर लॉक पूर्ण बसत नाही. दार आपटावे तसे हलके बॉनेट आपटू नये, पण त्याला स्वतःच्या वजनाने लॉक होण्याइतका भारही नसतो. म्हणून लॉकच्या थेट वर दोन्ही तळवे ठेवून दाबावे, ‘टक’ असा आवाज ऐकावा आणि मग पुढचा काठ वर ओढून पाहावा.

एवढे करूनही हलक्या बॉनेटला मूळ लॉकच्या जोडीला दोन बॉनेट पिना, म्हणजे बॉनेटमधून आरपार वर येणारा दांडा आणि त्यात अडकवायची आडवी खिट्टी अशा दोन जोड्या, लागतात, आणि त्या कोपऱ्यांच्या जवळ लागतात, मध्यावर नव्हे. पिनेचा दांडा रेडिएटरच्या वरच्या आडव्या लोखंडी पट्टीत, खाली-वर दोन नटांनी आवळून, अगदी उभा बसवावा. प्लॅस्टिकच्या आवरणात बसवलेली पिन ही केवळ शोभा आहे. दांड्याच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावून बॉनेट अलगद खाली सोडले की नेमके कोठे भोक पाडायचे ते आतल्या बाजूस उमटते. माझे विद्यार्थी मोजपट्टी घेऊन दहा वेळा मापे घ्यायचे, आणि शेवटी हा ठिपकाच खरा ठरायचा. भोक पाडताना वर कागदी चिकटपट्टी लावावी, ड्रिल हळू चालवावे, खालून लाकडाचा आधार द्यावा, आणि भोक दांड्यापेक्षा फार तर दोन मिलिमीटर मोठे ठेवावे. उघडी पडलेली कड एपॉक्सीने बंद करावी, नाहीतर पावसाचे पाणी थरांमध्ये शिरते. वरून धातूची चकती, खालूनही धातूची चकती, आणि आडवी खिट्टी तारेने गाडीला बांधलेली. घाईत खिट्टी बंपरवर विसरून निघालेले लोक मी पाहिले आहेत, तार त्यासाठीच असते.

या संदर्भात तरुण मुलांचा एक युक्तिवाद मला नेहमी ऐकावा लागतो. ‘सर, रॅलीच्या गाड्यांना तर मूळ लॉक काढूनच टाकतात, मग आम्ही काढले तर काय बिघडले?’ हे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमांत स्पर्धेच्या गाड्यांना बॉनेटवर किमान दोन अतिरिक्त सुरक्षा बंधने सांगितली आहेत. दांडा बॉनेटमधून आरपार यावा आणि तो आडव्या पिनेने अडकवावा, असे त्यांचे वर्णनही आहे. मूळ लॉक निकामी करावे किंवा काढावे, हेही तेथेच आहे. आग लागली तर आत बसून तार ओढणाऱ्या चालकाची वाट न पाहता बाहेरच्या माणसाला क्षणात बॉनेट उघडता आले पाहिजे, म्हणून त्यात अर्थ आहे. परंतु त्याच कलमात पुढे असेही आहे की प्लॅस्टिकचे भाग वापरले असतील तर ते फाटू नयेत यासाठी धातूचे मजबुतीकरण केलेच पाहिजे. पहिली अर्धी ओळ आपल्या मुलांना तोंडपाठ असते, दुसरी कोणी त्यांना सांगितलेलीच नसते. शिवाय स्पर्धेची गाडी सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी तपासनिसांच्या हाताखालून जाते. आपली गाडी सकाळी कामावर निघते तेव्हा ती कोण तपासतो? रस्त्यावरच्या गाडीला म्हणून मूळ लॉक, त्याचा दुसरा टप्पा आणि पिना हे तिन्ही हवेत.

ज्यांनी असे बॉनेट आधीच बसवून घेतले आहे त्यांनी आजच एक गोष्ट करावी. गाडी उभी असताना आतून बॉनेटची तार ओढावी आणि पुढे जाऊन बॉनेट वर उचलून पाहावे. ते दोन बोटे उचलून अडले पाहिजे. न अडता सरळ उघडले, तर त्या गाडीला सेफ्टी कॅच नाही, आणि ती लागेपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नये. अडले, तर अडवणारा आकडा गंजलेला किंवा चिखलाने जाम झालेला नाही ना ते पाहून त्याला थोडे वंगण द्यावे. कडीभोवतीची भोके लांबट झाली असतील, केसासारखी तडा गेलेली रेघ दिसत असेल किंवा काळी पूड असेल, तर बोल्ट आवळून काम भागणार नाही. गाडी चालवताना बॉनेटचा काठ थरथरताना दिसला, तर वेग कमी करून थांबावे. माझ्या पुतण्याला तेवढी एकच सूचना मिळाली होती.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला प्रत्येक बदल करणाऱ्या मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. हे सर्व मालकासाठी आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल भरपाईच्या वेळी मालकाच्याच अंगाशी येतो. सेफ्टी कॅच काढून कागदात गुंडाळणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांतले काही हात मी स्वतः शिकवलेले असू शकतात.

म्हणून परिवहन विभागाला माझी विनंती आहे की बॉनेटच्या बदलाविषयी सरळ मराठीत एक परिपत्रक काढावे, त्यात दुसऱ्या लॉकशिवाय बॉनेट बसवण्यास स्पष्ट मनाई असावी, आणि सायलेन्सर तपासणाऱ्या पथकाने त्याच थांब्यावर बॉनेटची तार ओढून पाहावी. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. विक्रेत्यांनी स्ट्रायकरच्या मागे धातूची पट्टी नसलेले बॉनेट ठेवूच नये, आणि बसवणी झाल्यावर मालकाला बॉनेट अडकते ते समोर उचलून दाखवावे. आमच्या प्रशिक्षण संस्थांमध्ये लॉक आणि तार शिकवतात, पण फायबरवर भार कसा पसरवायचा हे शिकवले जात नाही, मीही शिकवले नाही. तो एक तासाचा पाठ अभ्यासक्रमात घालावा.

लॉकच्या जबड्यात अडकलेला तो फायबरचा तुकडा मी जपून ठेवला आहे. जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानात कोल्हापुरात जेथे कोठे गॅरेज चालकांचा मेळावा होईल, तेथे तो लॉकसह टेबलावर मांडायला आणि त्याविषयी बोलायला मी स्वखर्चाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर